दूरध्वनी टॅपिंग : पुराव्याची ग्राह्यता

पोलिसांनी किंवा अन्य तपास यंत्रणेने बोलणाऱ्यांच्या नकळत ऐकून ध्वनिमुद्रित केलेले दूरध्वनी-संभाषण फौजदारी खटल्यात पुरावा म्हणून चालते का, यासंबंधीचा भारतीय कायदा.

टॅपिंगचा अधिकार दीर्घकाळ भारतीय तार अधिनियम, १८८५ च्या कलम ५(२) मधून येत असे. सार्वजनिक आणीबाणी किंवा सार्वजनिक सुरक्षितता ही त्याची पूर्वअट. पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज खटल्यात (१९९६) सर्वोच्च न्यायालयाने गृहसचिवाचा आदेश, मुदत व पुनर्विलोकन समिती यांची बंधने घातली. ती २००७ मध्ये तार नियमावलीत नियम ४१९-अ म्हणून आली. आता दूरसंचार अधिनियम, २०२३ व त्याखालील २०२४ चे नियम पाहावे लागतात.

आदेश बेकायदा ठरला तर पुरावाही बाद होतो का, हा खरा वाद आहे. आर. एम. मलकानी विरुद्ध महाराष्ट्र राज्य (निकाल १९७२, वृत्तांतांत बहुधा १९७३) या मुंबईच्या कॉरोनरवरील (संशयास्पद मृत्यूंची चौकशी करणारा अधिकारी) लाचखटल्यात, पुरावा गैरमार्गाने मिळाला तरी तो संबद्ध असल्यास ग्राह्य, असे न्यायालयाने म्हटले. आधार होता केनियातील झडतीविषयीच्या कुरुमा खटल्याचा (प्रिव्ही कौन्सिल, म्हणजे ब्रिटिश वसाहतींसाठीचे लंडनमधील अंतिम अपील न्यायालय, १९५५). मात्र मलकानी प्रकरणात पोलिसांनी ध्वनिमुद्रक जोडला तो बोलणाऱ्या एका डॉक्टरच्याच संमतीने, आणि तार अधिनियमाचा भंग झालाच नाही असा निष्कर्षही त्याच निकालात आहे. म्हणजे रूढ अर्थाने हे टॅपिंग नव्हतेच. त्यामुळे बेकायदा पुराव्याविषयीचे विधान प्रासंगिक (निकालासाठी आवश्यक नसलेले, म्हणून बंधनकारक नसलेले) मानणे अधिक सयुक्तिक दिसते. तरीही संसद हल्ला खटल्यात (२००५) प्रत्यक्ष टॅपिंगला तेच सूत्र लावले गेले : ‘पोटा’ या दहशतवादविरोधी कायद्याखालील विशेष तरतुदींचा लाभ अभियोग पक्षाला नाकारून सर्वसाधारण कायद्याखाली संभाषणे ग्राह्य धरली गेली.

पुट्टस्वामी निकालाने (२०१७) खाजगीपणा मूलभूत हक्क ठरल्यावर चित्र पालटू लागले. विनीत कुमार खटल्यात (२०१९) मुंबई उच्च न्यायालयाने, लाचेच्या आरोपात सार्वजनिक सुरक्षिततेचा प्रश्न येत नाही म्हणून आदेश रद्द केले आणि ध्वनिमुद्रणे नष्ट करण्यास सांगितले. मलकानीशी याचा मेळ घालणे अवघड आहे. इंग्लंडमध्ये, जिथून गैरमार्गाने मिळालेला पुरावाही चालण्याचा हा उदार नियम आला, तिथे टॅप केलेल्या संभाषणाचा आशय न्यायालयात सहसा येऊच दिला जात नाही, हेही लक्षात घ्यावे.

महाराष्ट्राच्या ‘मकोका’ या संघटित गुन्हेगारीविरोधी कायद्यात (१९९९) अवरोधनाची (संभाषण मध्येच टिपण्याची) स्वतंत्र व्यवस्था आहे. आदेशाची व अर्जाची प्रत आरोपीला सुनावणीपूर्वी किमान दहा दिवस मिळाली नसेल, तर संभाषण पुराव्यात घेता येत नाही. मुदतीतून सूट देण्याची मुभा न्यायाधीशाला आहे. उच्च न्यायालयाने रद्द केलेल्या या तरतुदी सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये वैध ठरवल्या.

ग्राह्यतेनंतर सिद्धतेचा प्रश्न उरतो : आवाजाची ओळख, छेडछाड न झाल्याची खात्री, मोहोरबंद ताबा. ध्वनिमुद्रणाच्या प्रतीसोबत इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचे प्रमाणपत्र (पूर्वी पुरावा अधिनियमाचे कलम ६५-ब, १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचे कलम ६३) आवश्यक असते. आवाजाचा नमुना देण्याचा आदेश दंडाधिकारी आरोपीला देऊ शकतो (रितेश सिन्हा, २०१९).