तो मान आणि ती मान

मराठीत ‘मान’ दोन आहेत. तो मान द्यायचा असतो, ती मान डोलवायची असते. व्याकरणाने लिंगसुद्धा वेगळं करून ठेवलंय, तरी राजकारणावर बोलताना भल्याभल्यांची गल्लत होते. कोणी एखाद्या सरकारी धोरणाला नावं ठेवली की लगेच ऐकू येतं, “अहो, देशाचे पंतप्रधान आहेत ते, थोडा तरी मान ठेवा!” सांगणाऱ्याला हवी असते ती मान, मागतो मात्र तो मान. सत्ता बदलली की हे वाक्य म्हणणारे बदलतात. कालपर्यंत ते ऐकून चिडणारे आज दुसऱ्याला ऐकवतात. वाक्य तेच.

देश वेगळा आणि सरकार वेगळं, यावर मी फार शाई घालवणार नाही. नागरिकशास्त्रात ते सगळ्यांनीच वाचलंय. केंद्रीय मंत्रीसुद्धा शपथ घेतो ती संविधानाशी निष्ठा राखण्याची, पंतप्रधानांशी नव्हे. १९६२ साली केदारनाथ सिंह खटल्यात सर्वोच्च न्यायालयानेही सांगितलं, की सरकारवर कितीही कडक शब्दांत टीका केली तरी हिंसेला चिथावणी नसेल तर तो राजद्रोह होत नाही. ‘इंदिरा म्हणजे इंडिया’ म्हणणारे देवकांत बरुआ काँग्रेसचे अध्यक्ष होते. त्या घोषणेची आज टिंगल होते, आणि टिंगल करणाऱ्यांतलेच काही जण नाव बदलून तीच घोषणा देतात. असो.

लोक खरे अडखळतात ते पुढच्या पायरीवर. टीका करायचा हक्क आहे हे तोंडाने सगळे मान्य करतात. पण मनात एक मोजपट्टी असते: शब्द मऊ म्हणजे आदर, शब्द कडक म्हणजे अनादर. माझ्या मते ही मोजपट्टीच चुकीची आहे. विठोबाला अरेतुरे करणाऱ्या, त्याच्याशी भांडणाऱ्या संतांच्या भाषेत तरी हे सांगावं लागू नये. आदर आवाजाच्या पट्टीत नसतो. समोरच्याचं म्हणणं नीट ऐकून, ते जसं आहे तसं मांडून, मग खोडण्यात तो असतो. पंतप्रधान जे बोललेच नाहीत ते त्यांच्या तोंडी घालून त्यावर ‘माननीय’, ‘आदरणीय’ लावत टीका केली, तर तो अपमानच. उलट, त्यांचा निर्णय, त्यामागचं कारण आणि त्याचे आकडे समोर ठेवून ‘हे साफ चूक आहे’ म्हणणं, तेही आवाज चढवून, यात अपमान कुठे आला?

याचं मला सापडलेलं सगळ्यात स्वच्छ उदाहरण चिंतामणराव देशमुखांचं. नेहरूंच्या मंत्रिमंडळात ते अर्थमंत्री होते. १९५६ साली मुंबईच्या प्रश्नावर त्यांनी राजीनामा दिला. त्यांचा आक्षेप नुसता ‘मुंबई महाराष्ट्राला द्या’ एवढाच नव्हता. मुंबई केंद्रशासित ठेवण्याचा निर्णय मंत्रिमंडळाला विश्वासात न घेता जाहीर झाला, हे त्यांनी लोकसभेत उभं राहून सांगितलं. म्हणजे बोट थेट पंतप्रधानांच्या कामाच्या पद्धतीवर. पण त्यात नेहरूंचं घराणं, कपडे, खासगी आयुष्य नव्हतं. काय झालं आणि ते का चुकलं, एवढंच. पुढे त्यांनी विद्यापीठ अनुदान आयोगाचं अध्यक्षपद सांभाळलं, तेही नेहरूंच्याच राजवटीत. मान दिला, पण मान डोलावली नाही.

संयुक्त महाराष्ट्राच्या त्याच लढ्यातले आचार्य अत्रे अगदी दुसऱ्या टोकाचे. आपल्या ‘मराठा’ दैनिकातून त्यांनी नेहरूंवर जे आसूड ओढले, ते सगळे माझ्या वरच्या कसोटीला उतरतील असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. पण २७ मे १९६४ ला नेहरू गेले, तेव्हा त्याच माणसाने ‘मराठा’त ओळीने शोकाचे अग्रलेख लिहिले. हे ढोंग होतं असं म्हणणारे मला भेटलेत. मला ते ढोंग वाटत नाही. ज्याच्याशी इतकी वर्षं भांडलो तो किती मोठा होता, हे भांडणाऱ्याला चांगलंच ठाऊक असतं. नुसती मान डोलावणाऱ्याला ते कळायचं कारणच पडत नाही.

बाबासाहेब आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ च्या संविधान सभेतल्या भाषणात हाच धोका सांगितला होता: धर्मातली भक्ती आत्म्याच्या मुक्तीकडे नेत असेल, राजकारणातली भक्ती अधःपतनाकडे आणि शेवटी हुकूमशाहीकडे नेते. तेव्हा ते नेहरूंच्याच मंत्रिमंडळात कायदामंत्री होते, आणि १९५१ साली मतभेद झाल्यावर बाहेर पडले. भक्ती कुठवर नेऊ शकते हे पाहायचं तर जर्मनी पाहा. हिटलरच्या आधीच्या वायमार प्रजासत्ताकाच्या काळात तिथला सैनिक राज्यघटनेशी निष्ठेची शपथ घ्यायचा. ऑगस्ट १९३४ पासून शपथ झाली थेट हिटलरच्या नावाने, बिनशर्त आज्ञापालनाची. देश तोच, गणवेशही जवळपास तोच, पण शपथ कोणाशी, ते बदललं. पुढे ‘मी शपथेने बांधलेलो होतो’ ही कितीतरी अधिकाऱ्यांची सबब झाली.

आता उलटी गल्लत. ती करणारे बहुतेक माझ्याच बाजूचे असतात, म्हणून जास्त टोचते. “मी त्यांना मत दिलं नाही, ते माझे पंतप्रधान नाहीत.” आहेत. मत दिलं नाही तरी आहेत. पद निवडणुकीच्या निकालाने मिळतं, तुमच्या-माझ्या पसंतीने नाही. सभागृहात ते उभे राहिले की त्यांना बोलू द्यायचं, परदेशात ते देशाच्या वतीने बोलतात हे धरून चालायचं, आणि नावाची वाकडीतिकडी मोडतोड करून हशा मिळवायचा नाही. हा शेवटचा माझा खास राग. नाव बिघडवलं की धोरणावर बोलायची गरजच उरत नाही, ही त्याची खरी सोय. १९९४ साली जिनिव्हात काश्मीरच्या प्रश्नावर भारताची बाजू मांडायला नरसिंह रावांच्या सरकारने पाठवलेल्या शिष्टमंडळाचे प्रमुख वाजपेयी होते. ते तेव्हा लोकसभेत विरोधी पक्षनेते होते. परत येऊन त्यांनी सरकारवर टीका करणं काही थांबवलं नाही.

‘विरोध करा, पण विधायक करा, आधी पर्याय द्या’ हेही मला पटत नाही. गाणं बेसूर झालं हे कळायला स्वतःला गाता यावं लागत नाही. शिवाय १९७७ च्या कायद्याने संसदेतल्या विरोधी पक्षनेत्याला सरकारी तिजोरीतून पगार मिळतो. विरोध करणं हे देशाचंच एक काम नसतं, तर त्यावर पैसे कशाला खर्च केले असते?

राहिलं ‘ही ती वेळ नव्हे’. १९६२ च्या ऑक्टोबरात चीनने हल्ला केला, तेव्हा संसदेचं अधिवेशन लवकर बोलवा अशी मागणी राज्यसभेतल्या तरुण वाजपेयींनी केली. नेहरूंनी ती मानली. ८ नोव्हेंबरला अधिवेशन सुरू झालं. सीमेवर लढाई चालू होती आणि सभागृहात सरकारच्या तयारीवर खासदार, अगदी काँग्रेसचेसुद्धा, तोंडावर बोलत होते. समोर पंतप्रधान बसून ऐकत होते.