झॉक्स-एफ म्हणजे एमएक्सए-एफची स्टेपनी नव्हे

मेथॅनोट्रॉफ जिवाणू मिथेन खातात, तर मेथिलोट्रॉफ मेथॅनॉल, मेथिलअमाइन अशी एका कार्बनची संयुगं. पहिला गट दुसऱ्याचाच एक भाग. नाशिकच्या एमएस्सीच्या पोरांना एवढं पाठ असतं. खरा घोळ मेथॅनॉलचं फॉर्माल्डिहाइड करणाऱ्या दोन एन्झाइमांपाशी होतो; एकाचं जनुक एमएक्सए-एफ (mxaF), दुसऱ्याचं झॉक्स-एफ (xoxF).

‘एमएक्सए-एफ हे खरं जनुक, झॉक्स-एफ त्याची स्टेपनी’ हे वाक्य प्रत्येक प्रोजेक्ट रिपोर्टात भेटतं आणि डोकं उठतं. दोन्ही एन्झाइमं पेरिप्लाझममध्ये, म्हणजे जिवाणूच्या दोन पटलांमधल्या जागेत असतात, दोन्हींना पीक्यूक्यू हा मदतनीस रेणू लागतो आणि प्रथिनांचा क्रम जवळपास निम्मा जुळतो, हे खरं. पण एमएक्सए-एफच्या एन्झाइमला कॅल्शियम हवं, तर झॉक्स-एफच्या एन्झाइमला लॅन्थॅनम, सेरियमसारखे लॅन्थॅनाइड, म्हणजे दुर्मिळ मृदा धातू. झॉक्स-एफच्या सक्रिय जागेत अ‍ॅस्पार्टेट हे एक जादा अमिनो आम्ल असतं, ते या धातूला धरून ठेवतं. माध्यमात लॅन्थॅनाइड नॅनोमोलर प्रमाणात जरी आलं, तरी जिवाणू एमएक्सए-एफ बंद करून झॉक्स-एफ चालू करतो.

आता स्टेपनीवाल्यांनी हे बघावं. मेथिलोरुब्रम एक्स्टॉर्क्वेन्स एएम1 या मेथिलोट्रॉफ जिवाणूमधून झॉक्स-एफच्या दोन्ही प्रती खोडल्या, तर लॅन्थॅनाइड नसतानाही तो मेथॅनॉलवर वाढत नाही, कारण झॉक्स-एफशिवाय एमएक्सए-एफ चालूच होत नाही. म्हणजे जिला जादा प्रत म्हणता, तिच्या हुकमावाचून ‘खरं’ जनुक हलत नाही! उलट एमएक्सए-एफ खोडलेला जिवाणू लॅन्थॅनम दिलं की बिनबोभाट वाढतो.

निफाडच्या बागेतलं द्राक्षाचं पान मेथॅनॉलच्या अगारवर दाबलं की काही दिवसांत मेथिलोट्रॉफांच्या गुलाबी वसाहती उमटतात; पानाच्या पेशीभित्तीतल्या पेक्टिनमधून सुटणारं मेथॅनॉल हे त्यांचं रोजचं खाणं. पोरं एमएक्सए-एफ जनुक शोधायला त्याच्या प्रायमरांनी (जनुकाला चिकटणाऱ्या डीएनएच्या तुकड्यांनी) पीसीआर लावतात, जेलवर पट्टा आला नाही की ‘मेथिलोट्रॉफ नाही’ लिहून मोकळी. इटलीतल्या ज्वालामुखीच्या चिखलातल्या मेथिलअ‍ॅसिडिफायलम या मेथॅनोट्रॉफाकडे एमएक्सए-एफ नाहीच. त्याला लॅन्थॅनाइड लागतंच, हे 2014 मध्ये दाखवलं गेलं. तेव्हा झॉक्स-एफचे प्रायमरही लावा.

आणि ‘लॅन्थॅनाइडविना’ची चाचणी काचेच्या फ्लास्कमध्ये घेऊ नका. काचेतूनही ते पाझरतं. प्लॅस्टिकची भांडी वापरा.