मागच्या बाकाची जुनी गोष्ट

2025 च्या पावसाळ्यात केरळमधल्या काही शाळांनी वर्गातल्या रांगा मोडल्या आणि कुणीच मागच्या बाकावर उरू नये म्हणून बाकं भिंतीकडेनं लावली. निमित्त होतं एका मल्याळम चित्रपटाचं. पाठोपाठ तमिळनाडूतही तसं ठरलं आणि फळा बघताना पोरांच्या माना अवघडतील म्हणून टीकाही झाली. चर्चा शाळांपुरतीच राहिली. विद्यापीठांत मात्र हा विषय जुना आहे, आणि तिथं त्याचं थोडंफार मोजमापही झालेलं आहे.

चौदाव्या शतकात लॉरेंटियस दे व्होल्टोलिना या चित्रकारानं इटलीतल्या बोलोन्या विद्यापीठातला एक तास रंगवला. गुरुजी उंच आसनावर, पुढच्यांची पुस्तकं उघडी. मागं गप्पा रंगल्यात आणि एकजण तर चक्क झोपलाय. कपडे बदला, की आपल्याकडचं दुपारी दोनचं लेक्चर! ‘लेक्चर’चा मूळ अर्थच वाचन. हस्तलिखितं महाग, तेव्हा एकानं वाचायचं आणि बाकीच्यांनी ऐकायचं. त्यासाठी रांगा पुरायच्या.

शवविच्छेदन बघायचं तर रांगांचं काम नव्हतं. 1590 च्या दशकात इटलीतल्याच पदुआ विद्यापीठानं त्यासाठी लाकडी नरसाळंच उभारलं: तळाशी टेबल, भोवती एकावर एक सहा लंबवर्तुळाकार सज्जे, आणि कठड्याला टेकून दाटीवाटीनं उभे विद्यार्थी. बसायची सोय नव्हतीच. सगळ्यांना दिसावं एवढाच हेतू, त्यामुळे ‘मागचा’ विद्यार्थी तिथं ‘वरचा’ झाला.

विद्यार्थ्यांनी एकमेकांशी वाद घालावा, ही गरज खोलीच्या आराखड्यात फार उशिरा उतरली. हार्वर्ड बिझनेस स्कूलच्या 1953 मधल्या ऑल्ड्रिच हॉलमध्ये घोड्याच्या नालेसारखे, पायऱ्यापायऱ्यांचे वर्ग झाले. 1961 मध्ये हार्वर्डच्या सहकार्यानं अहमदाबादची आयआयएम सुरू झाली, तेव्हा ‘केस’, म्हणजे एखाद्या कंपनीचा खराखुरा पेच, चर्चेतून शिकवायची पद्धत आणि तिच्यासोबत हा आकारही भारतात आला. इमारत अमेरिकन वास्तुविशारद लुई कान यांची. त्यांना इथं आणण्यात मोठा वाटा पुण्यात जन्मलेले वास्तुविशारद बाळकृष्ण दोशी यांचा. अशा वर्गात प्रत्येकासमोर नावाची पाटी असते आणि प्राध्यापक मधल्या खोलगट जागेत फिरत कुणालाही उठवू शकतात. तिथं लपायला जागा नाही.

पण जागेमुळे गुण खरंच बदलतात का? 1921 मध्ये कोलमन ग्रिफिथ या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं विद्यार्थ्यांचे हजारो गुण तपासले, तेव्हा मधल्या जागांवरचे कडेच्या आणि मागच्यांपेक्षा सरस निघाले. यावर नेहमीची शंका अशी, की हुशार मुलं आपणहून पुढं बसतात, मग त्यात बाकाचं कर्तृत्व काय? ती फेडायला कॅथरीन पर्किन्स आणि नोबेलविजेते कार्ल वीमन यांनी कोलोरॅडो विद्यापीठात भौतिकशास्त्राच्या मोठ्या वर्गात जागा चिठ्ठ्या टाकाव्यात तशा वाटल्या, आणि अर्ध्या सत्रात पुढचे मागं, मागचे पुढं केले. 2005 मध्ये निष्कर्ष छापून आले. सुरुवातीला मागं बसलेल्यांत नापासांचं प्रमाण पुढच्यांच्या जवळपास सहापट होतं, नंतर पुढं येऊनसुद्धा! मला यात आकड्यापेक्षा ‘सुरुवातीला’ हा शब्द महत्त्वाचा वाटतो. बहुधा पहिल्या काही आठवड्यांतच माणूस ठरवून टाकतो, की हा वर्ग आपला आहे की नाही. अर्थात दोन वर्षांनी मोंटाना स्टेट विद्यापीठातल्या जीवशास्त्राच्या एका वर्गात असा संबंध सापडला नाही, तेव्हा सहापट हा आकडा सगळीकडे मिरवू नये.

दरम्यान अमेरिकेतल्याच नॉर्थ कॅरोलायना स्टेट विद्यापीठात भौतिकशास्त्राचे प्राध्यापक रॉबर्ट बाइख्नर यांनी मागचा बाकच काढून टाकला होता. सात फूट व्यासाची गोल टेबलं, प्रत्येकी नऊ जण, तिघातिघांचे गट. हीच कल्पना एमआयटीनं 2000 नंतर उचलली. तिथल्या पोरांनी आधी जोरदार विरोध केला, सह्यांची मोहीमसुद्धा काढली. गप्प बसून ऐकायची सवय मोडणं जड गेलं असावं. पुढं हजेरी वाढली, नापासांचं प्रमाण निम्म्याहून खाली आलं, आणि टेबलं टिकली.

आपल्याकडे बऱ्याच कॉलेजांत लांबलचक बाक एकमेकांना जोडलेले किंवा फरशीत पक्के केलेले असतात. वर्गात गटचर्चा घ्यायची म्हटलं, की मॅडम सांगतात, “एकाआड एक बाकावरच्यांनी मागं वळा.” मग पाय आखडून, गुडघे आदळत अर्धा वर्ग फळ्याकडे पाठ करून बसतो, आणि वही ठेवायला मागच्यांचं अर्धं डेस्क मागून घेतो.