डोमेन कंट्रोलर व फाइल सर्व्हर यांचे सुरक्षित अपग्रेड

कार्यालयातील वापरकर्त्यांची नावे, पासवर्ड व अधिकार सांभाळणारा सर्व्हर म्हणजे डोमेन कंट्रोलर. ड्रॉइंग, हिशेब, पत्रव्यवहार अशा सामायिक फाइली ठेवणारा तो फाइल सर्व्हर. दोन्ही नव्या आवृत्तीवर नेताना काम थांबू नये, माहिती हरवू नये आणि परतीची वाट उघडी राहावी, अशा आखणीला सुरक्षित अपग्रेड म्हणतात. विंडोज सर्व्हर २०१२ आर२ चा एक्स्टेंडेड (वाढीव मुदतीचा) सपोर्ट १० ऑक्टोबर २०२३ रोजी संपला. २०१६ आवृत्तीसाठी ती तारीख १२ जानेवारी २०२७ आहे. कोल्हापूर परिसरात शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल येथील फाउंड्री व मशीन शॉपपासून साखर कारखान्यांपर्यंत सर्वांनाच हा विषय लागू पडतो.

लहान कारखान्यात बहुधा एकाच मशीनवर दोन्ही कामे चालतात, आणि खरी अडचण तिथेच सुरू होते. फाइल सर्व्हर बिघडला तर बॅकअप परत चढवता येतो. डोमेन कंट्रोलरचे तसे नाही. प्रत्येक कंट्रोलर आपल्या बदलांना चढते क्रमांक देतो. जुनी डिस्क इमेज (संपूर्ण डिस्कची हुबेहूब प्रत) सरळ परत चढवली की तो मागचेच क्रमांक पुन्हा वापरतो, आणि हे बदल आपल्याकडे आधीच आले आहेत असे समजून बाकीचे कंट्रोलर ते घेत नाहीत. एरर न दिसता डिरेक्टरी, म्हणजे वापरकर्ते व अधिकार यांची सामायिक नोंदवही, दुभंगते. २०१२ आवृत्तीपासून व्हर्च्युअल मशीनसाठी (सॉफ्टवेअरने उभ्या केलेल्या संगणकासाठी) यावर संरक्षण आले, पण ते हायपरवायझरने, म्हणजे अशा मशीन चालवणाऱ्या सॉफ्टवेअरने, साथ दिली तरच. म्हणून अपग्रेडच्या आधी ही दोन कामे वेगळ्या मशीनवर नेणे, हा खर्च वाटला तरी सर्वांत स्वस्त उपाय ठरतो.

डोमेन कंट्रोलर जागच्या जागी अपग्रेड न करता शेजारी नवा उभा करावा. आधी जुन्यांमधील रेप्लिकेशन (बदलांची आपसांतली देवाणघेवाण) निर्दोष आहे ना ते तपासायचे. आजारी डिरेक्टरीत नवा कंट्रोलर जोडला की आजार त्यालाही लागतो. सिसव्हॉल हे सर्व कंट्रोलरवर सारखे ठेवले जाणारे, धोरणे व स्क्रिप्टचे फोल्डर अजून जुन्या एफआरएस पद्धतीने फिरत असेल तर ते आधी डीएफएसआर या नव्या पद्धतीवर न्यावे लागते, कारण २०१९ व पुढच्या आवृत्त्या एफआरएस चालवत नाहीत. थेट २०२५ आवृत्तीचा कंट्रोलर जोडायचा तर डोमेनची फंक्शनल लेव्हल (डोमेन कोणत्या आवृत्तीच्या पातळीवर चालते ते) किमान २०१६ हवी. सगळे कंट्रोलर २०१२ आर२ चे असतील तर आधी मधल्या आवृत्तीचा कंट्रोलर उभा करून लेव्हल २०१६ वर नेण्याची पायरी टळत नाही. मग पाच एफएसएमओ भूमिका (एका वेळी एकाच कंट्रोलरकडे असणारी खास कामे) नव्याकडे द्यायच्या आणि वेळेचा स्रोत नीट लावायचा, कारण घड्याळात पाच मिनिटांहून जास्त फरक पडला की कर्बेरॉस ही ओळख तपासणारी पद्धत लॉगिन नाकारते. प्रिंटर, बायोमेट्रिक हजेरी यंत्र अशा उपकरणांत जुन्याचाच आयपी डीएनएस (नावावरून पत्ता शोधून देणारा सर्व्हर) म्हणून टाकलेला असतो. तो पत्ता शेवटी नव्याला दिला तर बरीच धावपळ वाचते. जुना कंट्रोलर नुसता बंद करून कपाटात ठेवायचा नाही, रीतसर डिमोट करायचा, म्हणजे त्याची कंट्रोलरची भूमिका काढून घ्यायची. नव्या आवृत्तीपर्यंत फंक्शनल लेव्हल वाढवणे सर्वांत शेवटी.

फाइल सर्व्हरमध्ये आवृत्तीपेक्षा परवानग्या जास्त त्रास देतात. रोबोकॉपी या विंडोजच्या कॉपी करण्याच्या साधनाने फाइली व त्यांच्या परवानग्या आधीच नेऊन ठेवता येतात आणि शेवटच्या रात्री फक्त फरक न्यायचा उरतो. पण शेअरच्या (नेटवर्कवर खुल्या केलेल्या फोल्डरच्या) परवानग्या त्यासोबत येत नाहीत. जुन्या सर्व्हरवरील लोकल ग्रुपला (फक्त त्या मशीनवरच्या वापरकर्ता-गटाला) दिलेले अधिकार नव्यावर अनोळखी आकड्यांच्या ओळी होऊन बसतात. २०१९ पासून मिळणारी स्टोरेज मायग्रेशन सर्व्हिस शेअर, परवानग्या आणि सर्व्हरचे नावसुद्धा नव्याकडे नेते. तरीही नेटवर्कवर फाइली देण्याघेण्याच्या एसएमबी १ या जुन्या पद्धतीचा प्रश्न उरतोच. नव्या आवृत्त्यांत ते मुळात बसवलेले नसते, त्यामुळे विंडोज एक्सपीवर चालणारा सीएनसी (संगणक-नियंत्रित) यंत्राचा कंट्रोल किंवा जुना झेरॉक्स-स्कॅनर दुसऱ्या दिवशी फोल्डर सापडत नाही म्हणतो. अशा यंत्रांची यादी शॉपफ्लोअरवर फिरून करावी. ऑफिसात बसून ती अपुरीच राहते.

सांबा, म्हणजे लिनक्सवर हीच कामे करणारे सॉफ्टवेअर, वापरणाऱ्यांनाही बहुतेक हेच लागू. त्याच्या ४.११ आवृत्तीपासून एसएमबी १ मुळातच बंद असते. काही आवृत्त्यांत डेटाबेसची मांडणी बदलल्याने जुन्या आवृत्तीवर मागे येण्यासाठी वेगळे साधन चालवावे लागते, म्हणून रिलीज नोट्स मधल्या आवृत्त्यांच्याही वाचाव्यात.

वेळ निवडताना स्थानिक कामकाज बघावे लागते. साखर कारखान्यात गाळप हंगामात सर्व्हरला हात लावू नये. हंगाम संपल्यावर, पण पावसाच्या आधी, हे काम उरकलेले बरे. २०१९ व २०२१ च्या महापुरात पुणे-बंगळूर महामार्ग शिरोलीजवळ पाण्याखाली गेला होता. शहरातल्या ऑफिसची एकमेव बॅकअप डिस्क त्या वेळी शिरोलीच्या कारखान्यात असती, तर पाणी उतरेपर्यंत ती हाती आली नसती. त्यामुळे एक प्रत पंचगंगा नदीच्या या बाजूला, एक त्या बाजूला ठेवावी आणि दोन्ही अपग्रेडपूर्वी एकदा परत चढवून पाहाव्यात. डिरेक्टरीची प्रत सहसा १८० दिवसांहून जुनी चालत नाही, कारण पुसलेल्या नोंदींची खूण तेवढेच दिवस टिकते.