व्हर्सायचं जुनं शिकारघर खरंच पाडलं का?

‘फ्रान्सच्या राजाने, चौदाव्या लुईने, वडिलांचं साधं शिकारघर जमीनदोस्त करून तिथे व्हर्सायचा राजवाडा उभारला’ असं वर्षानुवर्षं फिरतं. गोष्ट पटण्यासारखी आहे. एवढ्या थाटापुढे शिकारघर टिकलं असेल असं कुणाला वाटेल?

पण ते टिकलं. 1623 मध्ये वडिलांनी, म्हणजे तेराव्या लुईने, पॅरिसजवळच्या या जंगलात लहानसं घर बांधलं आणि 1631 ते 1634 दरम्यान ते वाढवून जवळपास नव्याने उभारलं. मुलाने 1668 पासून मोठा विस्तार केला, तेव्हा हे वाडावजा घर तसंच ठेवून त्याच्या तीन बाजूंनी नवी इमारत गुंडाळली. मूळ दर्शनी भाग त्याने बराच सजवला, हे खरं.

पडताळणी घरबसल्या होते. शहराच्या बाजूचा, संगमरवरी फरशीच्या चौकाचा फोटो शोधा: लाल विटा, फिकट दगड, वर स्लेटचं उतरतं छप्पर. आता बागेकडचा फोटो पाहा. तिथे लाल वीट नाही, सगळा फिकट दगड, आणि छप्पर कठड्याआड गेलेलं. एकाच इमारतीची ही दोन तोंडं दोन पिढ्यांची आहेत. प्रसिद्ध आरसेमहाल तर त्याहून नंतरचा, 1678 मध्ये सुरू झालेला.