खरखर काढताना काय काय जातं

यूट्यूबवर जुन्या हिंदी गाण्याला ‘एचडी रिमास्टर्ड’ असं लेबल लागलं की ते सुधारलंच असणार, असं आपण धरून चालतो. खरखर गायब, आवाज लख्ख. तरीही काही गाणी मूळ रेकॉर्डवरच जास्त भिडतात, आणि त्याला जुन्याच्या प्रेमापलीकडचं कारण आहे.

‘महल’ (१९४९) मधलं ‘आएगा आनेवाला’ घ्या. संगीत खेमचंद प्रकाश यांचं. सुरुवातीच्या ओळी लताबाईंनी माइकपासून लांब उभं राहून, हळूहळू माइककडे चालत येत गायल्या. माइकमध्ये दोन आवाज शिरतात: गळ्यातून थेट आलेला आणि भिंती-छतावर आपटून परतलेला. अंतर दुप्पट झालं की थेट आवाज साधारण ६ डेसिबलनं उतरतो. परतलेला घुमारा मात्र खोलीभर जवळपास सारखाच असतो. म्हणजे गायिका जवळ येते तसा थेट आवाज चढतो, घुमारा आहे तिथेच राहतो. या दोघांच्या गुणोत्तरावरून कान अंतर ताडतो. नुसता व्हॉल्यूम वाढवला तर दोन्ही एकदमच वाढतात. गाणं मोठं होतं, पण कुणी जवळ येत नाही.

आता खरखर काढणारं सॉफ्टवेअर. ते आवाजाचे काही मिलिसेकंदांचे तुकडे पाडतं, प्रत्येक तुकड्याचे वारंवारितेनुसार (म्हणजे आवाज किती जाड किंवा बारीक त्यानुसार) शेकडो पट्टे करतं आणि ज्या पट्ट्यात खरखरीइतकीच ऊर्जा उरलीय तो दाबून टाकतं. पंचाईत अशी, की विरत जाणारं घुमाऱ्याचं शेपूट नेमकं त्याच पातळीला येऊन टेकतं. कान इथे जास्त तरबेज. खरखर सगळ्या वारंवारितांवर पसरलेली, स्वराची ऊर्जा मोजक्या अरुंद पट्ट्यांत गोळा झालेली. त्यामुळे एकूण खरखरीच्या खाली गेलेला स्वरही कान काही काळ धरून ठेवतो. सॉफ्टवेअरचा जोर वाढवला की शेपूट तुटतं, त्यासोबत अंतराची खूणही जाते, श्वास जातात, आणि उरतो एक पाणचट किणकिणाट.

 

ओरखड्यांचा टकटकाट काढायला माझी हरकत नाही. तो क्षणभराचा असतो, आजूबाजूच्या आवाजावरून ती फट बेमालूम भरता येते. सलग खरखर मात्र थोडी उतरवून तिथेच थांबावं.