नवे टायर आणि पडलेले ॲव्हरेज : एका जुन्या तक्रारीची पार्श्वभूमी

गाडीला चारही टायर नवे टाकले की महिन्याभरात बऱ्याच घरांतून एकच तक्रार ऐकू येते : ॲव्हरेज पडले. टायरवाला म्हणतो, जरा रुळू द्या. मेकॅनिक अलाइनमेंटवर बोट ठेवतो. ओळखीतले कोणी तरी ‘कंपनीचेच टायर टाकायला हवे होते’ म्हणून मोकळे होते. तक्रार बहुधा खरी असते, पण तिचे कारण एका जागी सापडत नाही. काही कारण रबरात असते, काही किलोमीटरच्या काट्यात आणि काही थेट पेट्रोलमध्ये. हे तिन्ही धागे आपल्याकडे वेगवेगळ्या काळात आले आणि ग्राहकाला त्यांची माहितीही तुकड्यातुकड्यानेच मिळाली. म्हणून थोडे मागे जाऊन पाहायला हवे.

हवा भरलेल्या टायरचे पहिले पेटंट रॉबर्ट थॉमसन यांचे, 1845 सालचे. तेव्हा ते चालले नाही. 1888 मध्ये बेलफास्टच्या जॉन डनलॉप यांनी मुलाच्या तीनचाकी सायकलसाठी तीच युक्ती पुन्हा शोधली आणि मग ती जगभर गेली. हेतू होता धक्के कमी करण्याचा. इंधनाशी टायरचा संबंध लावण्याची गरज पुढची कित्येक दशके कोणाला भासली नाही.

संबंध मात्र पहिल्यापासून होताच. गाडीच्या वजनाने टायरचा जमिनीला टेकलेला भाग चपटा होतो, चाक पुढे सरकले की तो पुन्हा गोल होतो. रबर दाबताना जितकी ऊर्जा घेते तितकी सुटताना परत देत नाही, उरलेल्या ऊर्जेची उष्णता होते. तासभर हायवेवर धावून आलेल्या गाडीच्या टायरला हात लावून पाहा. तो गरमपणा म्हणजे आपल्याच टाकीतले पेट्रोल. यालाच रोलिंग रेझिस्टन्स म्हणतात. हवा कमी असेल तर टायर जास्त चपटा होतो आणि हा तोटा वाढतो.

जुन्या टायरमध्ये कापडी दोऱ्यांचे थर एकमेकांवर तिरके आडवे टाकलेले असत. चाक फिरताना हे थर आपापसांत ओढाताण करत आणि तापत. आपल्याकडे याच प्रकाराला लोक सरसकट ‘नायलॉन टायर’ म्हणत. मिशेलिन कंपनीने 1946 मध्ये पेटंट घेतलेला आणि 1949 मध्ये बाजारात आणलेला रेडियल टायर वेगळा होता. दोरे एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ आणि नक्षीखाली, म्हणजे जमिनीला टेकणाऱ्या खाचांच्या रबराखाली, पोलादी तारांचा पट्टा. बाजू लवचिक, तळ घट्ट. टायर जास्त टिकू लागला आणि गाडी पुढे न्यायला जोर कमी लागू लागला. हा दुसरा फायदा तेव्हा गौण मानला गेला.

भारतात टायरचा पहिला कारखाना डनलॉपने 1936 मध्ये बंगालमधल्या साहागंजला काढला. इटलीतल्या तुरिनच्या सीएटने 1958 मध्ये मुंबईत पाय रोवले. भांडुपचा कारखाना तिचाच. मद्रासमध्ये फुगे बनवण्यापासून सुरुवात केलेल्या एमआरएफने 1961 मध्ये टायर बनवायला घेतले. कारखाने वाढत होते, पण परवान्यांच्या त्या काळात निवडीला वाव थोडाच होता. घरची गाडी बहुधा ॲम्बेसेडर, नाहीतर कुर्ल्याच्या कारखान्यातली फियाट, म्हणजे पुढची प्रीमियर पद्मिनी. पद्मिनीचा टायर 5.20-14 मापाचा. दुकानात त्या मापाचा जो मिळेल तो घ्यायचा आणि गोटा होईपर्यंत, म्हणजे नक्षी झिजून गुळगुळीत होईपर्यंत, वापरायचा. टॅक्सीवाले तर जुन्या टायरवर नवी नक्षी चढवून, म्हणजे रिट्रेड करून, आणखी एक आयुष्य काढून घेत. भारतातला पहिला रेडियल जेके टायरने 1977 मध्ये बनवला, पण तो घरगुती गाड्यांत रुळायला पुढे बराच काळ जावा लागला.

दरम्यान 1973 मध्ये तेलसंकट आले. कच्च्या तेलाचा पिंपामागे तीन डॉलरच्या आसपास असलेला भाव काही महिन्यांत बारा डॉलरच्या जवळ गेला. अमेरिकेने 1975 मध्ये कायदा करून प्रत्येक कंपनीच्या गाड्यांना सरासरी मायलेजचे बंधन घातले. आपल्याकडे 1978 मध्ये इंधनबचतीच्या प्रचारासाठी ‘पीसीआरए’ ही संस्था उभी राहिली. टायरमध्ये हवा नीट ठेवा, वेग मर्यादेत ठेवा, सिग्नलला इंजिन बंद करा, हा तिचा सल्ला एका पिढीच्या कानांवर सतत पडला. मग डिसेंबर 1983 मध्ये मारुती 800 आली. छोटे इंजिन, हलके अंग, बारा इंची चाके. ‘ॲव्हरेज किती देते?’ हा गाडी घेण्याआधी विचारायचा पहिला प्रश्न झाला तो या गाडीनंतर, असे माझे मत आहे. त्याआधी गाडी मिळणे हाच मोठा प्रश्न होता.

या प्रश्नाचे अधिकृत उत्तर आज पुण्यातून येते. वेताळ टेकडीवरची एआरएआय ही 1966 मध्ये स्थापन झालेली संस्था गाड्यांच्या मान्यता चाचण्या करते. या चाचणीत गाडी रस्त्यावर धावत नाही, चाकांखाली फिरणाऱ्या रुळांवर, म्हणजे रोलरवर, उभ्या जागी धावते. थांबणे, वेग घेणे, पुन्हा थांबणे असा ठरलेला क्रम असतो, वेग जास्तीत जास्त ताशी 90 किलोमीटरपर्यंत जातो आणि एसी बंद असतो. रुळांनी गाडीला किती विरोध करायचा, हे आधी ट्रॅकवर मोजून ठरते : गाडी ठरावीक वेगाला नेऊन न्यूट्रलमध्ये सोडतात आणि ती किती वेळात मंदावते ते नोंदवतात. या मोजणीत हवेचा अडथळा येतो आणि टायरचाही. म्हणजे गाडीच्या जाहिरातीत जो आकडा छापून येतो, त्यात त्या चाचणीच्या वेळी गाडीला बसवलेल्या टायरचा वाटा असतो. आपल्या चर्चेचा कणा हाच आहे, आणि तोच नेमका ग्राहकाला कोणी सांगत नाही.

2009 पासून गाडी कंपन्या चाचणीतले मायलेज स्वेच्छेने जाहीर करू लागल्या. पुढे 2017-18 पासून सरकारने प्रत्येक कंपनीच्या सरासरीवर मर्यादा घातली : आधी किलोमीटरमागे 130 ग्रॅम कार्बन डायऑक्साइड, मग 2022-23 पासून 113 ग्रॅम. एकेका ग्रॅमसाठी झगडणारी गाडी कंपनी टायर कंपनीला सांगते की आम्हाला कमी विरोधाचा टायर द्या. त्यामुळे शोरूममधून निघणाऱ्या गाडीचे टायर बऱ्याचदा मायलेजकडे झुकलेले असतात. तेच टायर झिजले की दुकानात निवड आपली, आणि तिथे हे बंधन कोणावरच नाही. दुकानातले टायर टिकाऊपणा, पकड, आवाज आणि किंमत यांवर विकले जातात.

ही तफावत फक्त आपल्याकडची नाही. अमेरिकेतल्या ट्रान्सपोर्टेशन रिसर्च बोर्डाच्या 2006 च्या अहवालातही तीच नोंद आहे, आणि त्याच अहवालात एक कामाचा आकडा आहे : रोलिंग रेझिस्टन्स दहा टक्के कमी झाला तर मायलेज एक ते दोन टक्के सुधारते. कॅलिफोर्नियाने तर 2003 मध्येच कायदा केला की बदली टायर सरासरीने मूळ टायरइतकेच इंधन वाचवणारे हवेत. युरोपने नोव्हेंबर 2012 पासून टायरवर इंधन, ओल्या रस्त्यावरची पकड आणि आवाज अशा तीन गोष्टींचे लेबल सक्तीचे केले. हे शक्य झाले त्यामागे रसायनशास्त्रातली एक मोठी झेप होती. पूर्वी विरोध कमी केला की ओल्यातली पकड ढिली पडायची. 1992 मध्ये मिशेलिनने रबरातल्या काळ्या कार्बनचा मोठा भाग काढून सिलिका घातली आणि दोन्ही एकाच टायरमध्ये बऱ्यापैकी साधता येऊ लागले.

भारतात आयएसआय मार्क सक्तीचा आहे, पण तो किमान दर्जा सांगतो. दोन टायरमधला फरक सांगत नाही. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने, म्हणजे फ्रिज-एसीवर तारे लावणाऱ्या संस्थेने, टायरसाठी तारांकनाची योजना 2021 मध्ये आणली, तीही ऐच्छिक. 2022 च्या ऑक्टोबरपासून नव्या रचनेच्या टायरना रोलिंग रेझिस्टन्स, ओली पकड आणि आवाजाच्या मर्यादा लागू झाल्या. गाडीवरचा आकडा 2009 पासून, आणि टायरवरचा त्यानंतर बारा वर्षांनी, तोही कंपनीची इच्छा असेल तर. ही दिरंगाई मला खटकते, कारण टायर आपण गाडीपेक्षा जास्त वेळा विकत घेतो.

आता तक्रारीकडे येऊ. नवा टायर आणि मूळ टायर यांच्या घडणीतला फरक हे पहिले कारण झाले. दुसरे असे की झिजलेल्या टायरवर रबर कमी असते, म्हणून तो कमी तापतो. सात-आठ मिलिमीटर नक्षीचा नवा टायर, तोच ब्रँड आणि तीच जात असली तरी, गोट्या टायरपेक्षा जास्त विरोध करतो. तुलना नव्याची नव्याशी व्हायला हवी. आपण करतो जुन्याशी.

तिसरे कारण काट्याचे. गाडी किलोमीटर मोजते ते चाकाचे फेरे मोजून. नव्या टायरचा घेर थोडा मोठा, म्हणून तितक्याच अंतराला फेरे कमी आणि काट्यावर किलोमीटरही कमी. झिजलेल्या आणि नव्यात हा फरक टक्का-दोन टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. माप बदलले तर हिशेब आणखी हलतो. 185/65 R15, म्हणजे रुंदी 185 मिलिमीटर, बाजूची उंची रुंदीच्या 65 टक्के आणि रिम 15 इंची, अशा टायरचा व्यास 621.5 मिलिमीटर येतो. दुकानदाराच्या सांगण्यावरून ‘थोडा रुंद’ म्हणून 195/65 R15 टाकला तर तो 634.5 होतो, म्हणजे दोन टक्क्यांनी जास्त. काटा 100 दाखवतो तेव्हा गाडी 102 किलोमीटर गेलेली असते. पेट्रोल खरे जळते, किलोमीटर मात्र कमी नोंदले जातात. याउलट 165/80 R14 चा व्यास 619.6 आहे, एकाच मॉडेलच्या स्वस्त आणि महाग प्रकारांना ही दोन मापे देता येतात, ती व्यास जवळजवळ सारखाच असतो म्हणून.

आणि चौथे कारण टाकीत आहे. पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचे प्रायोगिक प्रकल्प 2001 मध्ये सुरू झाले, त्यांतले दोन महाराष्ट्रात, मिरज आणि मनमाडला. उसाच्या प्रदेशात ते साहजिकच होते. पुढे मिश्रण वाढत गेले आणि 2025 पर्यंत वीस टक्के इथेनॉलचे पेट्रोल सर्वत्र पोहोचले. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा कमी असते. नीती आयोगाच्या 2021 च्या आराखड्यातच म्हटले आहे की दहा टक्के मिश्रणासाठी जुळवलेल्या जुन्या घडणीच्या मोटारींचे मायलेज वीस टक्के मिश्रणावर सहा ते सात टक्क्यांनी घटू शकते. टायरमुळे होणाऱ्या फरकाहून हा फरक मोठा असू शकतो. ज्यांनी 2023 ते 2025 या काळात टायर बदलले, त्यांच्या तक्रारीतला मोठा वाटा टायरचा नसण्याची शक्यता बरीच आहे.

हे सगळे वेगळे करायचे तर नोंद हवी, आणि ती टायर बदलण्याच्या आधीपासून हवी. टाकी फुल्ल ते टाकी फुल्ल ही रीत अजूनही सर्वात भरवशाची. पंप तोच, शक्यतो मशीनही तेच. नोझल पहिल्यांदा कट झाला की थांबायचे, पैसे ‘राउंड फिगर’ करण्यासाठी आणखी भरू द्यायचे नाही. गाडी उतारावर उभी असली किंवा नोझल लवकर कट झाला तर अर्धा-एक लिटर सहज इकडे-तिकडे होते. तीस लिटरच्या एका टाकीत एक लिटर म्हणजे तीन टक्के, टायरच्या फरकाहून जास्त. म्हणून एका टाकीवरून काढलेला निष्कर्ष काहीच सांगत नाही. पाच टाक्यांचे किलोमीटर आणि लिटर एकत्र धरले तर मधल्या चुका आपोआप जिरतात, कारण चूक उरते ती फक्त पहिल्या आणि शेवटच्या भरण्यातली. दीडशे लिटरमध्ये ती टक्क्याच्या आत येते. टायरनंतर हायवेवरचा एखादा नेहमीचा टप्पा मोबाइलच्या जीपीएसवर आणि काट्यावर मोजून घ्यावा, काट्याचा फरक कळतो.

पैशांत बोलायचे तर : वर्षाला 12,000 किलोमीटर, लिटरला 15 चे ॲव्हरेज, म्हणजे 800 लिटर. दहा टक्के कमी विरोधाच्या टायरने त्यातले 8 ते 16 लिटर वाचतील. पेट्रोल 105 रुपये धरले तर 840 ते 1,680 रुपये. हवा पाच पीएसआयने कमी ठेवली तर अमेरिकी ऊर्जा खात्याच्या हिशेबाने साधारण एक टक्का, म्हणजे 8 लिटर जातात. ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवरचा आकडा पाहून, गाडी थंड असताना हवा तपासणे फुकट आहे.

या बचतीसाठी ओल्या रस्त्यावरची पकड सोडून द्यावी असे मला अजिबात वाटत नाही. जून ते सप्टेंबर ज्यांना घाट चढायचे-उतरायचे आहेत, त्यांनी दुकानात पहिला प्रश्न ओल्या पकडीचाच विचारावा, तारे नंतर. माप गाडीच्या पुस्तिकेतलेच घ्यावे. मापापुढचा आकडाही पाहावा : 88H मधला 88 म्हणजे एका टायरला 560 किलो भार, H म्हणजे ताशी 210 किलोमीटरपर्यंतचा वेग, यापेक्षा कमी क्षमतेचा टायर स्वस्त मिळाला तरी नको. बाजूवर कोरलेले चार आकडे वाचावेत, 2324 म्हणजे 2024 चा तेविसावा आठवडा. आणि नक्षीच्या खाचांमधल्या छोट्या उंचवट्यांपर्यंत, म्हणजे 1.6 मिलिमीटरपर्यंत, रबर झिजले की टायर बदलावा, त्या क्षणी तो कितीही चांगले ॲव्हरेज देत असला तरी.